अंदाजपत्रकातील मजुरी कुणाच्या खिशात जाते?

बांधकामाचा भाव ठरतो कसा, हे आपल्या चळवळीत फारसे कुणी विचारत नाही. पिढ्यान्पिढ्या दगड फोडणारे, माती वाहणारे, घमेले उचलणारे आपण. पण दराचा कागद कायम दुसऱ्याच्या हातात. म्हणून हा इतिहास आपण वाचला पाहिजे.

सरकारी कामाचा भाव दरसूचीवरून ठरतो. एक ब्रास दगडकाम घ्या. त्यात माल किती, गवंडी किती, बिगारी किती, याचे पृथक्करण होते. त्यावर ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च चढतो. केंद्रीय बांधकाम खात्याच्या पृथक्करणात तो 15 टक्के धरतात. मग निविदा निघते आणि ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के 'बिलो' भरतात.

इथेच मेख आहे. समजा काम 100 रुपयांचे आहे: माल 60, मजुरी 25, नफा-वरखर्च 15. ठेकेदाराने 15 टक्के बिलो भरले, तर हिशेबाने त्याला काहीच उरत नाही. तरीही तो बंगला बांधतो. कशातून? सिमेंट-सळईचा भाव त्याच्या हातात नाही. मग एकतर मालात चोरी, नाहीतर मजुरीत कपात. मालाची चोरी पावसाळ्यात उघडी पडते. मजुरीची चोरी कुणाला दिसत नाही, कारण ज्याची चोरी होते त्याने दरसूची पाहिलेलीच नसते.

हे गणित आतून पाहणारा पहिला माणूस आपलाच. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले. 1873 च्या 'गुलामगिरी'त इंजिनियर खात्यातील भटशाहीच्या लबाडीवर त्यांचा पवाडा आहे, तो या अनुभवातूनच. ठेकेदारी हे पाप नाही, हेही जोतीरावांनी दाखवले. प्रश्न आहे तो हिशेबाच्या सचोटीचा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी धरला. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेक्यांतून अस्पृश्यांना वगळले जाते, ही तक्रार मांडली. म्हणजे ठेका आम्हालाही हवा. आणि मजूरमंत्री म्हणून 1946 मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. पुढे 1948 च्या कायद्याच्या अनुसूचीत रस्ते, इमारत बांधकाम आणि दगडफोड ही कामे आली. म्हणजे मजुरी घासाघिशीवर सोडायची नाही.

यामागे महारवतनाचा अनुभव होता. 1928 मध्ये त्याविरुद्ध विधेयक आणणाऱ्या बाबासाहेबांना ठाऊक होते की वेठ नेहमी साखळदंडाने होत नाही; दाम न देता काम घेतले की ती झालीच. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला बंदी घातली.

त्या अनुच्छेदाचा खरा अर्थ बांधकामावरच उलगडला. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांसाठी स्टेडियम आणि पूल उभे राहत होते. किमान वेतन होते दिवसाला 9 रुपये 25 पैसे. ठेकेदार ते जमादाराला देई, जमादार माणशी एक रुपया कापून घेई, मजुराच्या हातात 8 रुपये 25 पैसे पडत. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे म्हणजे अनुच्छेद 23 चा भंग. उपासमार माणसाला राबायला भाग पाडते, तीही सक्तीच.

कुणी म्हणेल, लहान ठेकेदाराची बिले अडकतात, तो व्याजाने पैसे आणतो, टक्केवारी देतो. खरे आहे. पण वरच्याने त्याला लुटले म्हणून त्याने खालच्याला लुटावे, हीच तर जातिव्यवस्थेची उतरंड! आपला तरुण ठेकेदार झाला आणि त्यानेही बिगाऱ्याचा रुपया कापला, तर फक्त जमादार बदलला.

म्हणून मित्रांनो, गावात समाजमंदिर, रस्ता, घरकुल, जे काम निघेल त्याचे अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागवा. त्यातला मजुरीचा आकडा कामावरच्या बायाबापड्यांना मोठ्याने वाचून दाखवा. हातात पडलेले आणि कागदावरचे, दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मधली रक्कम कुणाची, हे मग कुणाला सांगावे लागणार नाही.

जय जोती! जय भीम!