मिश्र वाटांवरील लांब धाव : जाड तळाचे बूट निवडताना

डांबरी रस्ता, जांभ्याचा सडा, पालापाचोळ्याने झाकलेली जंगलवाट आणि चढणीवरचे सुटे दगड हे सारे गोव्यात अनेकदा एकाच फेरीत वाट्याला येते. अशा मिश्र वाटांवर २०-३० किलोमीटर धावणाऱ्यांना जाड कुशनिंगचे ट्रेल बूट उपयुक्त ठरतात. मात्र केवळ तळाची जाडी पाहून केलेली निवड मुरगळलेल्या घोट्यावर आणि काळवंडलेल्या नखांवर येऊन थांबू शकते.

जाडीचा लाभ आणि मर्यादा
पातळ तळाच्या बुटांची चलती असताना २००९ मध्ये फ्रान्समध्ये ‘होका’ कंपनी सुरू झाली. डोंगरउतारावर वेगाने धावता यावे, या हेतूने तिने जाड तळाचे बूट आणले आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. आज अशा बुटांत टाचेखाली साधारण ३० ते ४० मिलिमीटर जाडी आढळते. लांब अंतरावर तळवे कमी दुखतात, अणकुचीदार खडे टोचत नाहीत. परंतु पाऊल जमिनीपासून जितके उंच, तितका ओबडधोबड दगडावर घोटा कलंडण्याचा धोका अधिक. म्हणून उंचीबरोबर तळाची रुंदी आणि टाचेची पकड तपासावी. फोम फार मऊ असल्यास तिरक्या वाटेवर पाऊल डगमगते.

टाच आणि चवडा
टाच व चवडा यांखालील जाडीतील फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. तो शून्यापासून सुमारे १२ मिलिमीटरपर्यंत असतो. कमी ड्रॉपमुळे पोटरी आणि टाचेमागील स्नायुबंधावर, तर जास्त ड्रॉपमुळे गुडघ्यावर तुलनेने अधिक भार येतो. सवयीच्या बुटांपेक्षा ड्रॉप बराच कमी असल्यास आरंभी छोट्या फेऱ्या घेऊन अंतर हळूहळू वाढवावे.

पकड
१९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावल्यानंतर इटलीचे विटाले ब्रामानी यांनी खाचदार रबरी तळ घडवला. ‘व्हिब्रम’ हे नाव त्यांच्याच नावावरून आले. आजही पकड दोन गोष्टींवर ठरते : दातांची खोली आणि रबराचा मऊपणा. मिश्र वाटांना ३ ते ४ मिलिमीटरचे दात पुरेसे होतात. ५ मिलिमीटर वा त्याहून खोल दात चिखलात रुततात, पण डांबरावर लवकर झिजतात. ओल्या कातळावर खोल दातांपेक्षा मऊ, चिकट रबर कामी येते. मात्र शेवाळलेल्या जांभ्यावर कोणत्याही बुटाचा भरवसा धरू नये. तेथे चालणेच श्रेयस्कर.

पावसाळा
जलरोधक अस्तराचे बूट आपल्याकडील पावसात सहसा निरुपयोगी ठरतात. ओहोळ ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि अस्तरामुळे बाहेर पडत नाही. विरळ जाळीचे, लवकर निथळणारे बूट अधिक सोयीचे.

माप
धावताना पाय सुजतात. त्यामुळे बूट सायंकाळी, धावण्याचे मोजे घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, अन्यथा उतारावर नखे आदळतात. दोन्ही पायांत मापाचा फरक असल्यास मोठ्या पायाचे माप घ्यावे. दुकानात उतरता पृष्ठभाग असल्यास त्यावर चालून पाहावे. टाच निसटत असेल, तर तो बूट टाळावा.

आयुष्य
बहुतेक बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. वरचा भाग शाबूत असला, तरी फोम दबला की आधार संपतो. ओले बूट कडक उन्हात किंवा मोटारीच्या डिकीत ठेवल्यास फोम व गोंद लवकर खराब होतात. आत वर्तमानपत्र कोंबून ते सावलीत वाळवावेत.

खरेदीपूर्वी आपल्या नेहमीच्या फेरीत डांबर किती आणि कच्ची वाट किती, हे मोजावे. डांबर अर्ध्याहून अधिक असेल तर उथळ दात आणि भरपूर कुशनिंग, दगडधोंडे अधिक असतील तर थोडा कमी उंचीचा, रुंद तळ निवडणे योग्य ठरते.