वात आणि वेटोळे

परप्रांतात नोकरीस असलेल्या आम्हां लोकांची दिवाळी काहीशी हौसेची आणि काहीशी आठवणींची असते. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडी गेल्या दिवाळीस त्यांचा भाचा आला होता. तो इंग्लंडमध्ये शिकतो. आमच्या मातोश्री पणत्यांसाठी वाती वळीत बसल्या होत्या. तोही शेजारी बसून वळू लागला. त्याची वात पाहून मातोश्री म्हणाल्या, "अरे, इतकी आवळू नकोस. घट्ट वातीत तेल चढत नाही. मग पणती भरलेली असली तरी वात आपली जळून जाते." मुलगा हसून म्हणाला, "आजी, हेच शिकायला मला तिकडे दोन महिने लागले, आणि घसा पोळला तो निराळाच!"

या बोलण्याचा उलगडा मागाहून झाला. तिकडे तो विजेवर चालणारी सिगारेट ओढीत असे. आणि तीही तयार मिळणारी नव्हे, तर जिच्यातील तार आपल्या हातांनी गुंडाळावी आणि कापूस आपल्या हातांनी भरावा अशी. १८ सप्टेंबर २०१९ रोजी या वस्तूंवर बंदी घालणारा अध्यादेश निघाला, तेव्हा त्याची प्रत आमच्याही टेबलावरून गेली होती. तीवर आम्ही निमूटपणे आवक क्रमांक टाकला होता. परंतु जिच्यावर बंदी आली ती वस्तू आतून चालते कशी, याची चौकशी करावी असे आम्हांस त्या वेळी सुचले नाही. आता ती केली, तेव्हा ध्यानात आले की, या नव्या उपकरणाच्या पोटात दोन जुन्याच गोष्टी आहेत: एक वात आणि दुसरे तारेचे वेटोळे. त्या दोहोंचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वातीचा विचार करू. दिव्यात खरे जळते ते तेल. वात ते केशाकर्षणाने वर चढवून देते. जोवर वात ओली असते, तोवर तिच्याजवळची उष्णता तेलाची वाफ करण्यात खर्ची पडते आणि धागा शाबूत राहतो. तेल पोहोचेनासे झाले की तीच उष्णता धाग्यावर उलटते. एवढे ज्ञान आमच्या घरोघरच्या बायकांपाशी पिढ्यान् पिढ्या होते. युरोपात वातीच्या रचनेचा शास्त्रीय विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. जिनिव्हाच्या एमे आर्गाँ याने १७८० च्या सुमारास पोकळ नळीसारखी वात योजिली. तिला आतून आणि बाहेरून वारा मिळू लागला, आणि १७८४ साली त्याने इंग्लंडमध्ये त्या दिव्याचे पेटंट घेतले. मेणबत्तीची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. जुन्या मेणबत्तीच्या वातीवर काजळी धरे आणि ती कात्रीने वारंवार छाटावी लागे. १८२५ साली कांबासेरेस या फ्रेंच गृहस्थाने विणलेली वात काढली. ती जळताना एका अंगास वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेस येते आणि तेथे आपोआप भस्म होते. धाग्याच्या नुसत्या विणीने एक रोजची दगदग नाहीशी झाली.

आता तारेकडे वळू. विजेचा प्रवाह, दाब आणि रोध यांचे नाते ओहम याने १८२७ साली मांडले. पुढे १८४१ साली जूल याने दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. हा चौपटीचा हिशेब पुढे आपल्या फार कामास येणार आहे. नियम कळला, तरी तापवण्याजोगी तार मिळेना. लोखंडाची तार लाल होताच गंजून तुटे आणि प्लॅटिनम परवडत नसे. १९०६ साली अमेरिकेत आल्बर्ट मार्श यास निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. ही तार तापली की तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे पातळ कवच चढते, आणि ते कवच आतल्या धातूचे रक्षण करते. आमच्या घरातील शेगडी आणि पाव भाजण्याचे यंत्र ही या तारेचीच अपत्ये होत. त्यानंतर स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्सॉव्ह याने लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची तार सिद्ध केली. 'कांथल' या नावाने तिची कंपनी १९३१ साली निघाली.

वात आणि तार यांची गाठ धूम्रपानाच्या क्षेत्रात पडावयास मात्र वेळ लागला. पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यास तंबाखूविरहित, धूरविरहित सिगारेटचे पेटंट १९६५ साली मिळाले. पण तिला बाजार मिळाला नाही. २००३ साली चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक याने आपली रचना केली आणि तेथून ही वस्तू जगभर पसरली. होन लिकच्या मूळ रचनेत द्रवाचे तुषार ध्वनिलहरींनी करण्याची योजना होती. पुढे तापलेल्या तारेनेच ते काम पत्करले. आरंभी तारेच्या वेटोळ्यात काचतंतूंची वात असे. मग हौशी लोकांनी वेटोळे स्वतः गुंडाळण्यास आरंभ केला आणि काचतंतूंच्या जागी कापूस आणला. अशा रीतीने समईतील कापूस शेगडीच्या तारेत जाऊन बसला.

येथे मातोश्रींचा नियम जसाच्या तसा लागू पडतो. या उपकरणातील द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिले १८८ अंश सेल्सियसला उकळते, दुसरे २९० अंशांना. कापूस ओला असेल तोवर तारेची उष्णता द्रवाची वाफ करण्यात जाते आणि तपमान या मर्यादेपलीकडे सहसा जात नाही. कापूस गच्च कोंबला की द्रव चढत नाही. फार सैल ठेवला तर तार काही जागी उघडी पडते. दोन्ही प्रकारांत कोरडा भाग करपतो आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले की, ३.३ व्होल्टवर जे द्रव्य त्यांस आढळले नाही, ते ५ व्होल्टवर विपुल आढळले. त्यावर त्याच वर्षी ग्रीक वैद्य फार्सालिनोस आणि त्यांचे सहकारी यांनी असा आक्षेप घेतला की, ही करपलेल्या वातीची अवस्था होय. तिची चव इतकी कडवट असते की, ओढणारा आपणहून थांबतो. वादाचा निकाल काहीही लागो. कोरडी वात अपायकारक, एवढे उभय पक्षांस मान्य होते.

वातीची चूक निदान घशास तत्काळ कळते. वेटोळ्याची चूक तशी कळत नाही, आणि हाच खरा धोका. पूर्ण भरलेल्या लिथियम घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. वेटोळ्याचा रोध १ ओहम असेल तर प्रवाह ४.२ अँपिअर. तोच रोध ०.२ ओहमवर आणला की प्रवाह २१ अँपिअर होतो, आणि पुष्कळशा घटांस इतका प्रवाह सतत देणे झेपत नाही. घटालाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो. म्हणून जूलच्या चौपटीच्या हिशेबाने घट आतूनच तापू लागतो. तार जाड घेतली, वेढे कमी केले, किंवा तारेचे टोक चुकून धातूच्या कवचास टेकले, की हे घडते. काही उपकरणांत मध्ये नियंत्रक मंडल असते. ते रोध मोजून प्रवाह तोडते. परंतु ज्यांत केवळ नळी, घट आणि कळ एवढेच असते, त्यांत चूक सावरणारे कोणीही नसते. घटाची बाह्य बाजू बहुतेक सर्व ऋण ध्रुव असते आणि वरचे पातळ प्लॅस्टिकचे आवरण हेच तिचे वस्त्र. ते फाटले की साधी किल्लीसुद्धा शॉर्ट सर्किट करू शकते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील अशा आगींच्या व स्फोटांच्या १९५ घटना नोंदविल्या आहेत. २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये अशा स्फोटाने माणूस दगावला.

वात ओली आणि वेटोळे बेताचे ठेवले म्हणजे सर्व कुशल, असे मात्र कोणी समजू नये. २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसांच्या विकाराची जी साथ उद्भवली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तिचा संबंध प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी दिसून आला. वातीचा तेथे दोष नव्हता. आणि निकोटिनचे व्यसन कोणत्याही वातीने सौम्य होत नाही.

आमच्या देशात अध्यादेशाची जागा ५ डिसेंबर २०१९ च्या अधिनियमाने घेतली. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सर्व निषिद्ध झाले. साठवणीखेरीज इतर बाबतींत पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याउलट १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम पाहावा. तेथे शासनाने घासलेटास हद्दपार केले नाही. कोणत्या तपमानास तेलाची वाफ पेट घेते ते मोजले, त्यावरून वर्ग पाडले आणि साठवणीचे नियम केले. दिव्यावाचून घर चालत नव्हते. या नळीवाचून कोणाचे काहीही अडत नाही. म्हणून दोन वस्तूंस दोन न्याय लागले, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. परंतु आम्हां कारकून मंडळींची एक खोड असते: आदेश निघाला, फाइल बंद झाली, की विषय संपला असे आम्हांस वाटते. आमची मुले मात्र आज जेथे शिकावयास जातात, तेथे आमचा अधिनियम लागू नसतो. तेथे त्यांस ही वस्तू दुकानात उघड मिळते, आणि तिच्याविषयी घरातून त्यांनी "वाईट आहे" याखेरीज काही ऐकलेले नसते.

त्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर मुलाने आम्हांस आपल्या उजव्या मांडीवरचा तळहाताएवढा व्रण दाखविला. सुटा घट खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला होता, इतकेच कारण. त्या दिवसापासून त्याने ती वस्तू सोडली. घरी मात्र सायकलवरून पडलो असे कळविले. "मामाला सांगू नका," असे तो म्हणाला. आम्ही ते मान्य केले नाही. मामांस त्यानेच सांगावे, आणि त्या वेळी आम्ही जवळ बसावे, असे ठरले. अंगणात पणत्या तेवत होत्या. मातोश्रींनी त्याने वळलेली एक वात पणतीतून काढली, बोटांनी सैल केली आणि पुन्हा तेलात सोडली.