७० भुजंगधारी : दूरच्या ग्रहकक्षेचा पहिला दावा

परताऱ्याभोवती ग्रह फिरतो, असे मोजमापाच्या आधारे प्रथम मांडणाऱ्यांत कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांचे नाव घ्यावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स दलातील या अधिकाऱ्याने १८४२ मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा उभारली आणि १८४५ ते १८४८ या काळात २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली. पुढे ते मद्रास वेधशाळेचे संचालक झाले. तेथून १८५५ मध्ये त्यांनी ‘७० भुजंगधारी’ या जोडताऱ्याच्या कक्षेतील विसंगती नोंदवून त्यामागे अदृश्य ग्रह असणे फार संभवनीय असल्याचे प्रतिपादन केले.

जोडताऱ्याची कक्षा दोन मापांवरून काढतात : ताऱ्यांमधील कोनीय अंतर आणि उत्तरेपासूनची दिशा. वर्षानुवर्षांचे बिंदू लंबवर्तुळावर बसले पाहिजेत. ते आलटून पालटून आतबाहेर सरकत असतील, तर तिसऱ्या पिंडाची ओढ संभवते. प्रश्न सूक्ष्मतेचा होता. निपाणीत धरलेले दहा रुपयांचे नाणे सुमारे ६० किलोमीटरवरील बेळगावहून पाहिले, तर त्याचा कोन विकलेच्या एक दशांशाहूनही थोडा कमी भरतो. हातमापकाने घेतलेल्या वेधांत एवढ्या फरकावर भिस्त ठेवणे धाडसाचेच होते. टी. जे. जे. सी यांनीही पुढे असाच दावा केला. परंतु तशी त्रिपिंड रचना टिकणार नाही, हे एफ. आर. मोल्टन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. जेकबांचा ग्रह आज कोणी मानत नाही. मात्र ताऱ्याच्या डळमळण्यावरून ग्रह शोधण्याची त्यांची दिशा योग्य होती.

आता ही डळमळ मुख्यतः वर्णपटातून मोजतात. तारा जवळ येताना वर्णरेषा निळ्याकडे, दूर जाताना तांबड्याकडे सरकतात. त्या आवर्तनाचा काळ हाच ग्रहाचा प्रदक्षिणाकाल. गुरू सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने हलवतो, पृथ्वी अवघ्या नऊ सेंटिमीटरने. याच पद्धतीने १९९५ मध्ये ‘५१ पेगासी’भोवतीचा ४.२ दिवसांचा ग्रह सापडला. अबू पर्वतावरील ‘पारस’ वर्णपटमापकाने २०१८ मध्ये पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा, साडेएकोणीस दिवसांत प्रदक्षिणा करणारा ग्रह निश्चित केला.

पुण्याजवळील डोंगरी वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण घेऊन परतलेले जेकब ऑगस्ट १८६२ मध्ये पुण्यात पोहोचताच निवर्तले. त्यांचा जोडतारा सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षांवर असून त्याची प्रदक्षिणा सुमारे ८८ वर्षांची आहे. बेळगाव-निपाणी भागातून मे महिन्यात उत्तररात्री, खस्वस्तिकाच्या दक्षिणेस सुमारे १३-१४ अंशांवर, तो नुसत्या डोळ्यांना एकच मंद तारा म्हणून दिसतो; पावसाळी ढग दाटण्याआधी पाहून घेतलेला बरा.