खाणीतले महाकाय डंपर : कसे होते, कुठे गेले आणि जपायचे कसे?

चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) : हायवा माहीत नाही असा माणूस आता गावात सापडणार नाही. समृद्धी महामार्गाचं काम चाललं तेव्हा तर रात्रंदिवस मुरूम वाहणारे हायवा सगळ्यांनीच पाहिले. खरं तर 'हायवा' हे गाडीचं नावच नाही. ट्रॉली उचलणारा हायड्रॉलिक जॅक बनवणाऱ्या नेदरलँड्समधल्या कंपनीचं ते नाव. जॅकवरचं नाव गाडीला चिकटलं आणि तेच रूढ झालं.

पण हायवाचे थोरले भाऊ म्हणावेत असे डंपर आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यावर कधीच दिसत नाहीत. ते फक्त खाणीत चालतात. चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या कोळसा खाणीत कामाला गेलेल्या माणसांनी ते पाहिले आहेत, काहींनी चालवलेही आहेत. त्यातले जुने डंपर आता एकेक करून भंगारात जात आहेत. हे यंत्र काय होतं, कसं चालायचं आणि त्याची आठवण कशी राखता येईल, याची ही माहिती.

नेमकं किती मोठं?

ऊस वाहणारा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर साधारण पंधरा-वीस टन माल नेतो. खाणीतला शंभर टनी डंपर असे पाच-सहा ट्रॅक्टर एकाच खेपेत रिकामे करील. त्याचं स्वतःचं रिकामं वजनच सत्तर टनांच्या आसपास असतं. सहा टायर असतात, पुढे दोन आणि मागे चार. एकेका टायरची उंची सुमारे पावणेतीन मीटर. म्हणजे उंचापुरा माणूस हात वर करून टायरशेजारी उभा राहिला, तरी त्याचा हात वरच्या कडेला लागत नाही.

चालकाला शिडीने वर चढावं लागतं. केबिन बहुतेक वेळा डाव्या अंगाला असते. त्यामुळे उजवीकडचं आणि अगदी पुढ्यातलं बरंच काही चालकाला दिसत नाही. खाणीत जीप किंवा माणूस डंपरखाली येण्याचे अपघात होतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून तर खाणीतल्या छोट्या गाड्यांवर उंच काठीला झेंडा आणि दिवा लावतात.

हे यंत्र आलं कुठून?

आज खाणीत दिसणाऱ्या डंपरचा साचा अमेरिकेत १९५७ साली तयार झाला. राल्फ क्रेस नावाच्या इंजिनिअरने लेटूर्नो-वेस्टिंगहाउस कंपनीसाठी 'हॉलपॅक' हा डंपर बनवला. त्याआधीचे डंपर म्हणजे साध्या ट्रकचीच वाढवलेली आवृत्ती. क्रेसने तीन गोष्टी बदलल्या.

• मागचा हौदा तळाला इंग्रजी 'व्ही'सारखा निमुळता केला. त्यामुळे मालाचं वजन खाली राहतं आणि गाडी कलंडायची भीती कमी होते.
• लोखंडी पाट्यांच्या जागी तेल आणि नायट्रोजन वायू भरलेले सस्पेन्शन बसवलं. खड्ड्यांचा दणका त्यात जिरतो.
• गाडीची लांबी कमी केली, म्हणजे खाणीच्या अरुंद वळणावर ती पटकन वळते.

हे नाव इतकं रुळलं, की आपल्याकडच्या कोळसा पट्ट्यात कुठल्याही कंपनीच्या डंपरला जुनी माणसं अजून 'हॉलपॅक'च म्हणतात.

भारतात अशी यंत्रं बनवण्यासाठी १९६४ साली बंगळूरुला भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड, म्हणजे बीईएमएल ही सरकारी कंपनी सुरू झाली. ३५ टनी डंपरपासून पुढे १००, १५० आणि २०५ टनांपर्यंतचे डंपर या कंपनीने बनवले. १९७२-७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिची नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि, उभी राहिली. त्यानंतर उघड्या खाणी वाढत गेल्या आणि डंपरही. विदर्भात उमरेड, गोंडेगाव, दुर्गापूर, सास्ती, निलजई, मुंगोली अशा खाणींचं सगळं काम डंपरवरच चालत आलं आहे.

चालतो कसा?

छोट्या डंपरमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकाला जाते, आपल्या ट्रकसारखीच. मोठ्यांचा प्रकार वेगळा. त्यात डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि त्या विजेवर मागच्या चाकांतल्या मोटारी फिरतात. डिझेलवर चालणारं रेल्वे इंजिन याच तत्त्वावर चालतं.

उतारावर भरलेला डंपर नुसत्या ब्रेकवर थांबवायला गेलं तर ब्रेक जळून जातील. म्हणून उतारावर त्याच मोटारी उलट्या कामाला लावतात. चाक मोटारीला फिरवतं, त्यातून वीज निघते आणि ती वीज मोठ्या जाळ्यांमध्ये उष्णता करून हवेत सोडली जाते. गाडीचा वेग आपोआप आवरतो. आणखी एक गंमत म्हणजे अनेक डंपरमध्ये इंजिनाचा गरम धूर हौद्याच्या पोकळ पत्र्यातून फिरवतात. त्यामुळे पावसाळ्यात ओली माती हौद्याला चिकटून बसत नाही.

एक डंपर, ज्याला गावाने वाचवलं

कॅनडात स्पारवूड नावाचं कोळसा खाणीचं छोटं गाव आहे. तिथे रस्त्याच्या कडेला हिरव्या रंगाचा 'टेरेक्स टायटन' उभा आहे. जनरल मोटर्सच्या टेरेक्स विभागाने तो १९७० च्या दशकात बनवला. असा एकच डंपर तयार झाला, दुसरा कधी झालाच नाही.

त्याची क्षमता होती सुमारे ३१७ टन. इंजिन चक्क रेल्वेचं, १६ सिलिंडरचं, ३३०० अश्वशक्तीचं. टायर दहा. उंची जवळपास सात मीटर, म्हणजे दुमजली घराएवढी. हौदा उचलला की टोक १७ मीटरवर, पाचव्या मजल्याच्या उंचीला जायचं. आधी तो कॅलिफोर्नियातल्या लोखंडाच्या खाणीत चालला. १९७८ मध्ये स्पारवूडला आला आणि १९९० च्या सुमारास थकला. त्याला कापून विकणं सोपं होतं. पण गावाने ठरवलं, की ही आपल्या कष्टाची खूण आहे, ती ठेवायची. इंजिन काढून घेतलं, सांगाडा रंगवला आणि १९९३ पासून तो लोकांसाठी उभा केला. आज त्या गावाची ओळखच तो डंपर आहे. हायवेवरून जाणारी माणसं त्याच्यासाठी थांबतात, चहा-नाश्ता करतात, गावात दोन पैसे येतात.

अमेरिकेतल्या हिबिंग गावाची गोष्ट तर आपल्या खाणपट्ट्यातल्या माणसाला जास्त जवळची वाटेल. लोखंडाची खाण वाढत गेली म्हणून १९१९ पासून ते गावच उठवून दुसरीकडे हलवावं लागलं. आज खाणीच्या कडेला पाहुण्यांसाठी जागा केली आहे, तिथे जुनी यंत्रं ठेवली आहेत. याच गावात १९१४ मध्ये खाण कामगारांची ने-आण करणारी गाडी सुरू झाली. पुढे तिचीच ग्रेहाउंड ही अमेरिकेची मोठी बस कंपनी झाली. त्या बसचंही संग्रहालय गावात आहे.

आपल्याकडे जमेल का?

जमेल. अवजड लोखंड जपायची आपल्याला सवय नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने अहिल्यानगरला जावं. तिथल्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून सुमारे पन्नास जुने रणगाडे उभे आहेत. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. वेकोलि आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाने २०१६ मध्ये सावनेर आणि गोंडेगाव इथे खाण पर्यटन सुरू केलं. म्हणजे खाण बघायला लोक तिकीट काढून येतात, हे सिद्ध झालेलं आहे.

मग अडतं कुठे? सरकारी खाणीत यंत्राचं आयुष्य ठरलेलं असतं. ते संपलं की यंत्र 'सर्व्हे ऑफ' होतं, म्हणजे कामातून बाद. मग ऑनलाइन लिलाव होतो आणि गॅस कटरने तुकडे होतात. भंगार वितळून सळई बनवणाऱ्या भट्ट्या आपल्या शेजारी जालन्यातच आहेत. एकदा तुकडा भट्टीत गेला की तो कुठल्या खाणीतल्या कुठल्या डंपरचा होता, हे विचारायला जागा उरत नाही. त्यामुळे जे करायचं ते लिलावाआधी करायला हवं.

हा प्रश्न फक्त खाणीचा नाही. चिकलठाण्यात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी आणि हिंगणा इथल्या दोन धरून राज्यात अशा तीनच. इथे चासीवर बसचा सांगाडा बांधून लाल परी तयार होत आली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. त्यात महामंडळाच्या बसही आल्या. धूर कमी होण्यासाठी ते योग्यच आहे. पण प्रत्येक जुन्या बनावटीतली एखादी तरी बस ठेवायची, हे आताच ठरवलं नाही तर नातवंडांना दाखवायला फोटोच उरतील.

डंपर ठेवायचा असेल तर काय करावं लागतं?

१. आधी अर्ज. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन खाणीच्या क्षेत्रीय महाप्रबंधकांकडे लेखी मागणी करावी. यंत्राचा नंबर, मॉडेल आणि ठेवायची जागा स्पष्ट लिहावी.

२. कागद वाचवा. लॉगबुक, दुरुस्तीच्या नोंदी, कंपनीची नंबरपट्टी. यंत्र गेलं तरी कागदावरून त्याचा इतिहास सांगता येतो. कागदच गेले तर नुसतं लोखंड राहतं.

३. धोकादायक भाग जाणकारानेच उघडावेत. सस्पेन्शनमधला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली असतो. टायरमधली हवाही तशीच. गावातल्या गॅरेजवाल्याने हात घालू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते घासू नये. डिझेल, ऑइल आणि बॅटरी काढून घ्यावी.

४. वजन टायरवर ठेवू नका. काँक्रीटच्या ओट्यावर लोखंडी टेकू द्यावेत. उन्हाने टायर फुटतात, मग यंत्र एका अंगाला बसतं.

५. पाणी साचू देऊ नका. हौद्यात पाणी साचलं की गंजही लागतो आणि डासही होतात. डेंग्यूचं घर गावाच्या वेशीवर नको. तळाला भोकं पाडावीत.

६. रंग मूळचाच द्या. गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर मूळ रंग. झेंड्यांचे, पुढाऱ्यांचे रंग देऊ नयेत.

७. कुंपण आणि मराठी फलक. पोरं चढणारच, हे गृहीत धरून शिडी काढून ठेवावी.

आख्खा डंपर ठेवणं खर्चिक आहे. सुटे भाग करून लोबेड ट्रेलरवर आणावा लागतो, त्याला परवानग्या लागतात. तेवढी ऐपत नसेल तर एक टायर, केबिन किंवा नंबरपट्टी ठेवा. शाळेच्या आवारात टायर उभा केला तरी मुलांना यंत्राचा आवाका कळतो. पैशाचं मात्र तारतम्य हवं. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आधी पाणी, दवाखाना आणि शाळेचा आहे, त्याला हात लावून डंपर उभा करू नये. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत वारसा जतनाला जागा आहे, तिथे मागणी करावी.

लोखंडापेक्षा माणसं आधी

यंत्र दहा वर्षं पावसात उभं राहील. चालवणारा माणूस तेवढा थांबेलच असं नाही. जायकवाडीचं काम १९६५ ला सुरू झालं आणि १९७६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. दहा किलोमीटर लांबीच्या त्या मातीच्या धरणावर तरुणपणी राबलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. खाणीतल्या डंपरचे पहिले ऑपरेटरही त्याच वयाचे. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही लॉगबुकात नाही.

तुमच्या हातात मोबाइल आहे. घरातल्या किंवा गल्लीतल्या अशा काका-आजोबांना विचारून, त्यांच्या परवानगीने रेकॉर्डिंग करा. एवढे प्रश्न पुरेत :

• कोणत्या खाणीत, कोणत्या साली, कोणतं यंत्र चालवलं?
• शिकवलं कुणी? पहिल्या दिवशी भीती वाटली का?
• पाळी किती तासांची? डबा कुठे खायचे?
• पावसात, धुक्यात, रात्री कसं चालवायचे?
• अपघात पाहिला का? त्यानंतर काय बदललं?
• धूळ, कंबर, कान यांचा पुढे त्रास झाला का?
• खाणीत कुणाचं गाव, कुणाचं शेत गेलं?

शेवटचे दोन प्रश्न टाळू नका. आठवण ठेवणं म्हणजे नुसतं कौतुक करणं नव्हे. त्याच डंपरने कुणाच्या घरात पगार आणला आणि कुणाच्या वावराची माती उचलून नेली. फलकावर दोन्ही लिहिलं तरच तो इतिहास खरा.

आणि एक सूचना. चालू खाणीत किंवा भंगार यार्डात फोटोसाठी विनापरवाना शिरू नका. तिथे चालकाला तुम्ही दिसत नसता, आणि रचलेलं भंगार कधी घसरेल याचा नेम नसतो. खाण व्यवस्थापकाचं पत्र घ्या, हेल्मेट आणि बूट घाला, सोबत तिथला माणूस असू द्या. रेकॉर्डिंगची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्या आणि दुसरी गावच्या शाळेत किंवा वाचनालयात पेन ड्राइव्हवर ठेवा. त्यावर नाव, गाव, खाण आणि तारीख लिहायला विसरू नका.