शमादान, लाकडी

शमादान, लाकडी : मेणबत्ती उभी व स्थिर धरण्यासाठी केलेला लाकडाचा आधार. ‘शमादान’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला असून त्यातील ‘शमा’ म्हणजे मेणबत्ती व ‘दान’ म्हणजे धारक किंवा पात्र होय. ज्वालेच्या इतक्या निकट राहणाऱ्या वस्तूसाठी लाकूड हे स्वभावतः अयोग्य द्रव्य आहे. तथापि पितळ, कथिल वा चांदी ज्यांना परवडत नव्हती, अशा यूरोपातील ग्रामीण व श्रमिक कुटुंबांनी लाकडाचीच शमादाने वापरली. या गरजेच्या वस्तूचे अलंकरणाच्या वस्तूत कसे रूपांतर झाले, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जर्मनी व चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरील एर्ट्‌सगबिर्ग (धातुक पर्वत) या प्रदेशात आढळते.

पार्श्वभूमी : मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या दीर्घकाळ महाग होत्या व त्या मुख्यतः चर्च आणि धनिकांची घरे यांतच जळत. सामान्य घरांत चरबीच्या मेणबत्त्या, चरबीत बुडविलेल्या लव्हाळ्याच्या काड्या किंवा राळयुक्त पाइन लाकडाच्या चिपा जाळीत. काड्या व चिपा धरण्यासाठी लाकडी ठोकळ्यात लोखंडी चिमटा बसविलेला असे. असे आधार अनेकदा घरीच तयार केले जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टिअरीन आणि त्यानंतर पॅरफिन ही स्वस्त द्रव्ये उपलब्ध झाली व मेणबत्ती सामान्यांच्या आवाक्यात आली. लाकडी शमादानांचा प्रसारही याच काळात वाढला.

एर्ट्‌सगबिर्गमधील परंपरा : ११६८ च्या सुमारास फ्रायबर्गजवळ चांदीचे धातुक सापडले आणि या प्रदेशात खाणकामाचा आरंभ झाला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्नेबर्ग व आनाबर्ग येथील चांदीच्या शोधांनी त्याला मोठी चालना मिळाली. झायफेन व त्याच्या आसपासची गावे कथिलाच्या खाणींवर अवलंबून होती. हिवाळ्यात खाणकामगार पहाटेच्या अंधारात खाली उतरत व अंधार पडल्यावरच वर येत. त्यामुळे प्रकाशाला त्यांच्या भावविश्वात विशेष स्थान मिळाले, असे पारंपरिक स्पष्टीकरण दिले जाते. नाताळपूर्वीची अखेरची पाळी प्रार्थनेने व एकत्र भोजनाने साजरी करण्याची प्रथाही तेथे होती.

या प्रदेशातील शमादानांचे चार प्रकार प्रसिद्ध आहेत. पहिला, दोन्ही हातांत मेणबत्त्या धरलेला खाणकामगार व त्याची सहचारी देवदूताची आकृती. खाणकामगाराच्या अंगावर संचलनाचा गणवेश असतो, तर देवदूताच्या डोक्यावर मुकुट असतो. घरातील प्रत्येक मुलामागे एक खाणकामगार व प्रत्येक मुलीमागे एक देवदूत खिडकीत ठेवण्याचा प्रघात होता. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातील मुलांची संख्या दिव्यांवरून कळे. दुसरा प्रकार मनोऱ्याचा. त्याच्या मजल्यांवर आकृत्या असतात. खालच्या मेणबत्त्यांनी तापलेली हवा वर चढून माथ्यावरील पात्यांचे चक्र फिरविते व त्याबरोबर मधला दांडा आणि आकृत्याही फिरतात. तिसरा प्रकार टांगत्या झुंबराचा. चर्चमधील धातूच्या व काचेच्या झुंबरांची ही लाकडी प्रतिकृती असून तिचे बाहू व मणी कातून काढलेले असतात. चौथा प्रकार म्हणजे मेणबत्त्यांची कमान. तिचे सर्वांत जुने ज्ञात नमुने अठराव्या शतकातील असून ते धातूचे आहेत. पातळ फळीतून बारीक करवतीने नक्षी कापून केलेल्या लाकडी कमानी विसाव्या शतकात लोकप्रिय झाल्या.

उपजीविका व छंद : खाणकामगाराने फावल्या वेळी हौसेने केलेली वस्तू, हे या शमादानांचे प्रचलित चित्र अंशतःच खरे आहे. प्रदेशाच्या पश्चिम भागात कोरीवकाम हा खरोखरच विरंगुळा होता आणि पुढे त्याचे संघही स्थापन झाले. झायफेन परिसरात मात्र कातकाम ही जगण्याची गरज होती. धातुक कमी होत गेले, तसे अनेकजण लाकडाकडे वळले. जंगल जवळ होते व खाणीसाठी वापरले जाणारे जलचक्र कातयंत्रालाही चालना देऊ शकत होते. १८४९ मध्ये झायफेनची कथिलखाण बंद पडली, त्या वेळी गाव या नव्या व्यवसायावर बव्हंशी विसंबून होते.

या व्यवसायाचे स्वरूप गृहोद्योगाचे होते. पुरुष कातकाम करीत, तर स्त्रिया व मुले चिकटविण्याचे आणि रंगविण्याचे काम करीत. माल साठच्या किंवा डझनांच्या हिशोबाने घाऊक व्यापारी विकत घेत आणि न्यूरेंबर्ग व लाइपसिक येथील बाजारांतून परदेशी पाठवीत. किंमत ठरविणे व्यापाऱ्यांच्या हाती असल्याने कारागिरांच्या वाट्याला अल्प मोबदला येई व लहान मुलांनाही रात्री उशिरापर्यंत राबावे लागे. ज्या घरात परक्यांच्या नाताळासाठी शेकड्यांनी देवदूत तयार होत, त्या घरातील मुलांचे बालपण मात्र कामातच जाई. या वस्तूंचे मूल्यमापन करताना ही बाजू दृष्टिआड करता येत नाही.

विसाव्या शतकात शिक्षित कलावंतांनी या कामाला नवे वळण दिले. ग्र्यूनहाइनिखेन येथे १९१५ मध्ये ग्रेटे व्हेंट व ग्रेटे क्यून यांनी स्थापन केलेल्या कार्यशाळेतील देवदूतांना १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. पूर्व जर्मनीच्या काळात (१९४९–९०) या वस्तू परकीय चलन मिळवून देणारी निर्यात ठरल्या. १९७२ मध्ये अनेक खाजगी कारखाने सरकारी मालकीचे झाले आणि १९९० नंतर त्यांपैकी काही पुन्हा मूळ कुटुंबांकडे आले. झायफेन येथे १९५३ मध्ये खेळण्यांचे संग्रहालय उघडण्यात आले. या प्रदेशाचा खाणवारसा २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

रचना व निर्मिती : कातकामासाठी बीच, मेपल, लिंडेन, स्प्रूस इ. लाकडे वापरतात. धड, डोके व बैठक वेगवेगळी कातून सरसाने जोडतात आणि मग रंगवितात. ज्वाला लाकडाला भिडू नये म्हणून मेणबत्तीच्या खाचेत धातूची किंवा अन्य अदाह्य द्रव्याची वाटी बसवितात आणि वितळलेले मेण झेलण्यासाठी तिला पसरट कड ठेवतात.

घरगुती सजावटीसाठी फांदीच्या वा ओंडक्याच्या तुकड्यापासून शमादान करण्याचा छंद आता सर्वत्र आढळतो. त्यात साल व गाठी मुद्दाम राखून ग्रामीण रूप साधतात. लाकूड पुरेसे वाळलेले नसल्यास ते आकसून तडकते व साल सुटते. तळ सपाट व रुंद असावा लागतो. धातूच्या छोट्या वाटीतील मेणबत्तीसाठी सु. ४० मिमी. व्यासाची खाच लागते. अशी मेणबत्ती जळत असताना सोडून जाणे धोक्याचे असते. एर्ट्‌सगबिर्गच्या खिडक्यांतही आज मेणबत्त्यांऐवजी बहुधा विजेचे दिवे असतात. ज्यांच्याजवळ धातू विकत घेण्याइतके पैसे नव्हते, त्यांनी नाइलाजाने निवडलेले लाकूड आता इतरांनी आवडीने निवडलेले द्रव्य ठरले आहे.