मालवण किनाऱ्यावरील दुकानें व भरतीरेषा

मराठेशाहींत नवी पेठ वसवावयाची म्हणजे प्रथम कौल निघे. शेटे-महाजन नेमीत, उदमी लोकांस जागा देत आणि कांहीं सालें जकात व मोहतर्फा माफ करीत. अशा कौलनाम्यांचा परिचय आमच्या वाचकांस आहेच. त्यांतील मुद्द्याची गोष्ट ही कीं, उदम्यानें कोठें बसावें व त्यास काय मिळावें, हें एकाच कागदांत नमूद असे.

ज्या किनाऱ्यासमोर १६६४ सालीं सिंधुदुर्गाचें काम आरंभलें, तेथें अलीकडे निराळा प्रकार दिसतो. केंद्र सरकारच्या १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेनें समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियमनाखालीं आणिला. ग्रामीण भागांत त्यांपैकीं पहिले २०० मीटर नव्या बांधकामास बहुतांशीं बंद झाले. २०११ व २०१९ सालीं नियम बदलले. तथापि विरळ वस्तीच्या गांवीं २०० मीटरांची मर्यादा राहिलीच. येथें बसूं नये, एवढें १९९१ ची अधिसूचना सांगे. उदम्यानें कोठें बसावें, हें सांगत नसे.

इकडे १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. प्रवासी पाण्यापाशीं येतो, म्हणून खाणावळ व चहाचें दुकान यांसही तेथेंच गिऱ्हाईक. देवबागेची स्थिति तर विशेष बिकट. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्रापासून मागें सरावें तर नदीकांठची मर्यादा आड येते.

अशा वेळीं दुकानदारास एक आधार होता. पूर्वींच्या अधिकृत बांधकामाच्या दुरुस्तीस, जोत्याचें क्षेत्र न वाढवितां, १९९१ च्या नियमानें मोकळीक ठेविली होती. परंतु नुसता जुनेपणा पुरत नाहीं. परवानगीही दाखवावी लागते. घरपट्टीच्या पावतीनें फार तर दुकान केव्हांपासून उभें आहे तें कळतें; परवानगीचा कागद वेगळाच. हे दोन्ही कागद जपले नसतील, तर तीन पिढ्यांचें दुकान कालच्या खोपटाच्या पंक्तीस बसतें.

म्हणून आमची संग्राहकांस सूचना आहे कीं, कोंकणांतील दप्तरें चाळतांना मोडी कागद तेवढे उचलून ग्रामपंचायतीच्या पावत्या, परवाने व नकाशे रद्दींत टाकूं नयेत. त्यांच्या नकला घ्याव्यात व मूळ कागद ज्याचे त्याच्या घरीं सुरक्षित ठेवावेत. पेठेच्या इतिहासाचें तें साधन आहेच. पण एखाद्या घरची चूलही त्यावर अवलंबून असूं शकते.