अ रिंकल इन टाइम

अमेरिकन लेखिका मॅडलिन लेंगल (१९१८–२००७) यांची किशोरवाचकांसाठीची विज्ञान कादंबरी. पंचवीसहून अधिक प्रकाशकांचा नकार पचवून ती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६३ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळाले. बेपत्ता शास्त्रज्ञ वडिलांच्या शोधात मेग मरी, तिचा धाकटा भाऊ चार्ल्स वॉलेस आणि मित्र कॅल्विन अवकाश-काळाला जणू चुणी घालून दूरच्या ग्रहांवर पोहोचतात. कॅमाझॉट्झ ग्रहावर मुले एकाच ठेक्यात चेंडू आपटतात, कारण तेथे एका देहहीन मेंदूची सत्ता आहे. हा प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. मेग जिंकते ती बुद्धीने नव्हे, भावावरील प्रेमाने. एपिस्कोपल पंथीय लेंगल यांची ख्रिस्ती श्रद्धा इथे उपदेश न होता कथेत मुरलेली आहे, आणि हेच या कादंबरीचे खरे बळ. अंधाराशी लढणाऱ्यांत येशूच्या जोडीला बुद्ध व गांधी यांचीही नावे येतात. काही सनातनी ख्रिस्ती गटांनी त्यावर आक्षेप घेतला. १९७३ पासून तिचे पुढील भाग आले. २०१८ मध्ये अ‍ॅव्हा ड्यूव्हर्ने यांनी कादंबरीवर चित्रपट दिग्दर्शित केला.